गंजक्या रायफलीची पारख

"हात पुढं कर," वस्ताद म्हणाले आणि त्यांनी माझ्या तळहातावर एक गंजकं लोखंड ठेवलं. "वजन बग. आता सांग, ह्याच्यावर गाल टेकून गोळी मारशील?"

मी त्या लोखंडाकडे पाहिलं. वीतभर लांब, मध्ये पोकळ, अंगावर तांबूस खपल्या धरलेल्या. भंगारवाल्यानंसुद्धा तराजूत टाकण्याआधी नाक मुरडलं असतं. मी म्हणाले, "वस्ताद, मी ह्याच्यावर पापडसुद्धा भाजणार नाही."

ते हसले नाहीत. त्यांनी ते लोखंड माझ्या हातातून परत घेतलं, सदऱ्याच्या बाहीनं पुसलं आणि म्हणाले, "तुझी रायफल हाय ही. अजून तिला ठावं न्हाई एवढंच."

हवालदार दस्तगीर शिकलगार आमच्या जिल्हा पोलीस मुख्यालयाचे आर्मोरर होते. सगळ्या जिल्ह्याच्या बंदुका दुरुस्त करायचं काम त्यांच्याकडे. त्यांना हवालदार म्हणून कुणी हाक मारत नसे. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे वस्ताद म्हणायचे आणि त्यांनाही ते आवडायचं. स्वतःच्या कामाबद्दल लाजणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. "सातारा ते सोलापूर माझ्यासारखा कान कुणाला न्हाई," असं ते चहा पिता पिता सहज सांगायचे, आणि ऐकणारा मान डोलवायचा, कारण ते खरंच होतं.

मी तेव्हा साधी शिपाई. रत्नमाला बाबर, नोकरीला तीन वर्षं झालेली. मुख्यालयात आम्ही महिला पोलीस मोजक्या होतो, आणि आमच्या वाट्याला मोर्चा, जत्रा आणि दवाखान्यातला पहारा एवढंच यायचं. पण मला नेमबाजी जमायची. खोटा विनय करत नाही, चांगलीच जमायची. परिक्षेत्राच्या, म्हणजे आसपासच्या जिल्ह्यांच्या मिळून होणाऱ्या, नेमबाजी स्पर्धेत आमच्या जिल्ह्याच्या संघात त्याआधी कधी बाई गेली नव्हती. आमचे राखीव पोलीस निरीक्षक, म्हणजे आरआय निंबाळकर साहेब, त्या वर्षी म्हणाले होते की निवड चाचणीत नंबर लागला तर बाबरही जाईल. साहेबांचा शब्द पक्का होता. कच्ची होती ती माझी रायफल.

नव्या रायफली जिल्ह्यात यायला लागल्या होत्या, पण स्पर्धा अजून जुन्या थ्री-नॉट-थ्रीवरच व्हायची. मला मिळालेली थ्री-नॉट-थ्री इतकी खिळखिळी होती की पाच गोळ्या पाच दिशांना जायच्या. पैलवानी अंगाचा जगदाळे नावाचा एक शिपाई संघात जायला टपलेला होता. तो म्हणायचा, "बाबरबाई, तुमच्या रायफलीसमोर उभं राहणं सगळ्यात सुरक्षित." रागही यायचा आणि हसूही यायचं, कारण तो चुकीचं बोलत नव्हता. शेवटी मी वस्तादांकडे गेले आणि रडकुंडीला येऊन सांगितलं की मला नवी नको, फक्त सरळ मारणारी रायफल द्या.

म्हणून ते गंजकं लोखंड. रायफलीचा लाकडी दस्ता, नळी, बोल्ट, चाप असं एकेक काढत गेलं की शेवटी जो सांगाडा उरतो, ज्यात पुढून नळी आट्यांवर बसते आणि मागून बोल्ट सरकतो, त्याला आमच्याकडे बॉडी म्हणतात. बाकी सगळं बदलता येतं. बॉडी बदलली की रायफलच बदलली. बाद झालेल्या रायफलींच्या अशा बॉड्यांचा ढीग कोताच्या, म्हणजे आमच्या शस्त्रागाराच्या, मागच्या खोलीत पडला होता. त्या सगळ्या वितळवायला जायच्या होत्या. वस्तादांनी साहेबांची परवानगी काढली आणि त्या ढिगातून दोन दिवस खपून ही एक निवडली.

तिची पारख त्यांनी माझ्यासमोर केली. करायची गरज नव्हती, पण प्रेक्षक असला की त्यांचा हात खुलायचा. आधी बॉडी रॉकेलच्या डब्यात रात्रभर बुडवून ठेवली. सकाळी कोरडी पुसली आणि तिच्यावर खडूची पूड भुरभुरली. लोखंडात केसाएवढी भेग असली तरी तिच्यात शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उमटते. आम्ही दोघं त्या पांढऱ्या फटक लोखंडाकडे बघत बसलो. रेघ उमटली नाही.

मग बॅटरी लावून आतले आटे पाहिले. मग कानस घेऊन पुढच्या कड्यावर एक हलका हात मारला, डोळे मिटून. कानस किती चावते त्यावरून पोलाद कळतं म्हणे. तापवून विझवून पोलादाला जो कडकपणा देतात त्याला पाणी म्हणतात, आणि एखादं हत्यार आगीत सापडलं की ते पाणी उतरतं. वरून रंग दिला तर कुणाला ओळखू येत नाही, पण आतून लोखंड मऊ झालेलं असतं. "पाणी शाबूत हाय," वस्ताद डोळे न उघडताच म्हणाले.

शेवटी बोल्ट. बोल्ट म्हणजे गोळीमागचं दार बंद करणारा दांडा; थ्री-नॉट-थ्रीचा बोल्ट मागच्या बाजूला आपल्या दोन खांद्यांनी बॉडीत टेकतो आणि गोळी सुटताना सगळा धक्का बॉडीतल्या त्या बैठकीवर बसतो. दोन्ही खांदे सारखे टेकतात का हे बघायला काजळी लावायची होती आणि वस्तादांच्या कंदिलाची काच नेमकी त्याच दिवशी घासून लख्ख केलेली. भाचीसाठी घेतलेली काजळाची डबी माझ्या पिशवीत होती, ती दिली. त्यांनी बोटानं बोल्टच्या खांद्यांना काजळ फासलं, बोल्ट मिटवला, उघडला आणि आत वाकून पाहिलं. काजळ दोन्हीकडे सारखं उतरलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मी एरवी फक्त बारशाच्या घरात पाहिला आहे.

"म्हातारी न्हाई ही," ते म्हणाले. "नुसती आंघोळ केल्याली न्हाई."

पुढचे आठ-दहा दिवस मी रोज ड्यूटी संपली की कोतात जायचे. त्यांनी ती घासली, काळी केली, जपून ठेवलेली एक कोरी नळी चढवली, अक्रोडाचा दस्ता तासून तासून असा बसवला की मध्ये पोस्टकार्ड जायला जागा नाही. जोडून झाल्यावर ती एका जुन्या टायरला बांधली, लांबून दोरीनं चाप ओढून काही गोळ्या झाडल्या, आणि मग स्वतः गाल टेकून झाडल्या. ज्यानं जोडली त्यानं आधी गाल लावायचा, हा त्यांच्या गुरूचा नेम होता आणि त्यांनी तो कधी मोडला नव्हता. सगळं झाल्यावर रायफल माझ्याकडे दिली.

त्या रायफलीबद्दल मी आजही बोलायला लागले की घरचे विषय बदलतात. तशी रायफल नंतर माझ्या हातात आली नाही. पाच गोळ्या मारल्या तर त्यांच्यावर आमटीची वाटी पालथी घातली की झाकल्या जायच्या. निवड चाचणीत मी दुसरी आले आणि जगदाळे सातवा. संघ सहा जणांचा होता. जगदाळेनं माझ्याशी आठवडाभर बोलणं टाकलं आणि साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की या वर्षी आपल्याला वैयक्तिक पदक दिसतंय. मला रात्री झोप यायची नाही इतकी मी खुशीत होते.

महिनाभर सराव झाला. गोळी झाडली की पितळेची रिकामी पुंगळी मागे पडते, आणि प्रत्येक पुंगळी मोजून परत जमा करायची हा आमचा शिरस्ता. बाकीच्यांच्या पुंगळ्या वस्तादांचा मदतनीस मोजायचा. माझ्या मात्र वस्ताद स्वतः घ्यायचे आणि एकेक बोटात फिरवून डब्यात टाकायचे. मला वाटायचं, आपल्या रायफलीचं कौतुक आहे म्हणून करतात.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी सराव संपवून पुंगळ्या दिल्या. त्यातली एक त्यांनी बोटात फिरवली, थांबले, पुन्हा फिरवली. मग उन्हात नेऊन पाहिली. बुडापासून थोडं वर, पितळेवर एक चकाकती बारीक रेघ गोल फिरली होती. त्यांनी एक वाकडी तार पुंगळीच्या आत घातली आणि हळूच खाली-वर ओढली. मला म्हणाले, "बगू हात तुझा." तार माझ्या बोटात दिली. आत एका जागी ती किंचित अडकत होती. तिथं पितळ ताणून पातळ झालं होतं.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"बोल्ट मागं सराकतोय," ते म्हणाले. एवढंच म्हणाले आणि रायफल घेऊन आत गेले.

मी मागोमाग गेले. बोल्ट किती मागे हटला हे तपासायला एक पोलादी गेज असतं. ते आत घालून बोल्ट मिटवायचा. मिटला तर रायफल बाद, नाही मिटला तर पास. वस्तादांनी गेज घातलं आणि एका बोटानं बोल्टची मूठ खाली दाबली. मिटला नाही. माझा जीव भांड्यात पडला. त्यांचा मात्र पडला नव्हता. महिन्यापूर्वी हीच मूठ गेज घातल्यावर वर उभी राहायची, आता ती जवळजवळ खाली येऊन थांबली होती.

ते साहेबांकडे गेले तेव्हा मीही गेले, कारण कोणीच मला थांब म्हटलं नाही. साहेब मैदानावर सामानाची बांधाबांध बघत होते, संघातले सगळे तिथंच होते आणि जगदाळेही होता. वस्तादांनी सांगितलं की ही रायफल नेता यायची नाही. बॉडीची मागची बैठक दबत चालली आहे असं त्यांना वाटतं, आणि ती सुटली तर पुंगळी फाटून सगळा स्फोट मारणाऱ्याच्या तोंडावर येतो. दोन वर्षांमागं एका दूरक्षेत्राच्या, म्हणजे लांबच्या पोलीस चौकीच्या, खोलीला आग लागली होती, तिथल्या रायफली वेगळ्या काढल्या होत्या, पण त्यातली एखादी ढिगात मिसळली असेल. रायफली भिंतीला उभ्या असतात, दस्ता खाली. लाकूड पेटलं तर भाजतो तो मागचा भाग. पुढं कानस लावून त्यांना पोलाद बरोबर लागलं, पण खांद्यांची बैठक आत खोल असते, तिथं कानस पोचत नाही.

साहेबांनी विचारलं, "गेज काय म्हणतं?"

"पास म्हणतंय."

"मग नियमात बसतंय."

"बसतंय साहेब."

"तुमची खात्री आहे का, की ती मऊ आहे?"

"न्हाई," वस्ताद म्हणाले. "खात्री करायची तर कापाय लागंल."

मला कळत होतं की कापली तर रायफल संपली, मग ती मऊ निघो की कडक निघो. आणि रायफल संपली की माझी जागा संपली, कारण दुसऱ्या खिळखिळ्या रायफलीवर मला संघात नेणं साहेबांना परवडणारं नव्हतं. शेजारी जगदाळे उभाच होता. त्याच्याकडे मी पाहिलंही नाही.

साहेब म्हणाले, "एका स्पर्धेचा प्रश्न आहे, शिकलगार. चाळीस गोळ्या. नेऊ, आणि आल्यावर कापू." मग माझ्याकडे वळून ते मला विचारणार होते. मी तयारच होते. हो साहेब, मी जबाबदारी घेते, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं.

वस्ताद मध्ये आले. "हे तिच्यावर टाकू नका साहेब," ते म्हणाले. "ती हो म्हणंल."

साहेब वाईट माणूस नव्हते, त्यांना पदक हवं होतं इतकंच. शेवटी ते म्हणाले की रायफल तुम्ही जोडलीत, तुम्हीच काय ते ठरवा, पण जे कराल ते इथं सगळ्यांसमोर करा. उगाच नंतर कुणी म्हणायला नको.

बाकडं बाहेर आणलं. वस्तादांनी रायफल स्वतःच्या हातानं उकलली. नळी, दस्ता, चाप, सगळं नीट बाजूला कापडावर मांडलं. आधी त्यांनी ढिगातली दुसरी एक बॉडी बाकड्यावरच्या वाईसच्या लोखंडी जबड्यात धरली, जी पुढं तडकून बाद झाली होती पण मागं शाबूत होती, आणि तिच्या मागच्या बाजूवर लोखंड कापायची करवत, हॅक्सॉ, चालवला. पातं किंचाळलं, घसरलं, आणि थोड्या वेळात त्याचे दात गेले. लोखंडावर फक्त एक ओरखडा होता. "असं व्हाया पायजे," ते म्हणाले.

मग नवं पातं लावलं आणि माझी बॉडी वाईसमध्ये आवळली. ती काळीभोर, तेलानं चमकणारी होती. पातं तिच्यावर ठेवून ते थांबले. मी त्यांना कधी कामात थांबलेलं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता ते म्हणतील राहू दे, नेऊ या. आणि मला वाटलं, सातारा ते सोलापूर ज्याच्यासारखा कान नाही तो माणूस नुसत्या शंकेवर माझं वाटोळं करतोय. डोक्यात सणक गेली. मी म्हणाले, "द्या इकडं. मी कापते. तुमचं खरं का माझी रायफल खरी, बघू दे सगळ्यांना."

त्यांनी हॅक्सॉ माझ्या हातात दिला.

मी सगळा जोर लावून पहिला हात ओढला. पातं किंचाळेल म्हणून दात आवळून धरले होते. ते किंचाळलं नाही. दुसरा हात, तिसरा हात. खालून पांढरा भुगा पडायला लागला. पातं सरळ आत चाललं होतं, घराच्या कुंपणाची सळई कापावी इतकं सहज. वाईसमध्ये आमच्या रायफलीच्या जागी काही वेगळंच लोखंड आहे असं मला वाटायला लागलं. ज्याच्यावर महिनाभर गोळीचा धक्का बसत होता आणि ज्याच्या मागे दोन बोटांवर माझा डोळा होता, ते लोखंड माझ्या हाताखाली निमूट कापलं जात होतं. अर्ध्यात पोचल्यावर माझा हात थांबला. मला पुढं कापवेना आणि मान वर करवेना.

जगदाळेनं माझ्या हातातून हॅक्सॉ काढून घेतला आणि उरलेलं कापून टाकलं. चांगला माणूस होता तो, हे मला त्या दिवशी कळलं.

साहेबांनी दोन्ही तुकडे हातात घेऊन पाहिले. मग वस्तादांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शिकलगार, बरोबर निघालात."

"न्हाई साहेब," वस्ताद म्हणाले. "महिन्यामागं चुकलो हुतो."

संघात माझ्या जागी जगदाळे गेला. मी पुढच्या वर्षी गेले, त्याच्या पुढच्या वर्षीही गेले, आणि कपाटात आज जी चार पदकं आहेत ती त्यानंतरची. वस्ताद माझ्या पहिल्या पदकाआधीच निवृत्त झाले. लोक मला विचारतात की तुम्हाला नेमबाजी कुणी शिकवली. नेमबाजी मला बऱ्याच जणांनी शिकवली. पण माणूस केवढा असू शकतो ते मी त्या दिवशी संध्याकाळी कोतामागच्या नळावर पाहिलं.

सगळे बांधाबांध करायला निघून गेले होते. वस्ताद नळाखाली हात धूत होते. सोड्यानं चोळत होते, पुन्हा पुन्हा, तेल केव्हाच निघून गेलं होतं तरी. मी जाऊन शेजारी उभी राहिले. माझा राग कधीच विरला होता, पण तो होता याची लाज वाटत होती. मनात होतं तेच विचारलं.

"वस्ताद, समजा कडक निघालं असतं तर? चांगली रायफल शंकेपायी कापली म्हणून सगळ्या मुख्यालयानं तोंडात शेण घातलं असतं तुमच्या."

"घातलं असतं," ते म्हणाले.

"आणि मीपण."

"तू तर आधी." ते थोडं हसले. मग नळ चालूच ठेवून खाली पाण्याकडे बघत म्हणाले, "पोरी, तू कापत हुतीस ना, तवा म्या मनात एकच म्हणत हुतो, या अल्ला, कडक निघू दे. लोकं हसली असती, तू जन्मात माझं त्वांड बघितलं नसतंस, चाललं असतं मला. मग म्हयनाभर तुला म्या मरणाला गाल टेकून बसवलं न्हवतं, एवढं तरी झालं असतं."